राक्षस खेळायला द्या, पण राक्षसच द्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, बोलून खेळायच्या खेळाचं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, २०२४ साली नव्याने निघालं. खेळाडूने निवडण्यासाठी त्यात दहा स्पीशीज, म्हणजे जीवांच्या जाती, आहेत आणि त्यांत ऑर्क हा दणकट राक्षस आहे. पन्नास वर्षं ज्याची मुंडकी उडवून एक्सपीरियन्स पॉइंट, म्हणजे बढतीचे गुण, कमावले, तो एल्फ आणि ड्वार्फ या सज्जन मंडळींच्या पंगतीला येऊन बसला. पाठोपाठ २०२५ च्या फेब्रुवारीत नवं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मारायच्या राक्षसांची यादी, आलं, तर त्यात ऑर्कचं पानच नाही. एका पुस्तकातून नाव कमी, दुसऱ्यात दाखल. काहींनी याला उशिरा झालेला न्याय म्हटलं, काहींनी खेळ नासवला म्हणून बोटं मोडली.

मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. मॉन्स्टरची अक्कल आणि नीती त्याच्या जन्मावरून ठरवणं बंद झालं, हे चांगलंच झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याच झाडूने त्याचं राक्षसपणही केराच्या टोपलीत गेलं. उरला तो हिरव्या रंगाचा माणूस. हिरवा माणूस खेळायला कुणाला हवा होता?

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा कागद असतो, त्याला कॅरेक्टर शीट म्हणायचं. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, होतो. जग, पाऊसपाणी, खाणावळवाला, शत्रू, सगळं तोच चालवतो. गोष्ट बोलून पुढे सरकते आणि जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा आकडे शीटवर असतात. तुम्ही कोण, माणूस की एल्फ की आणखी कुणी, यावरून आजवर या आकड्यांत अधिक-उणे होत आलं. ‘रेस’ म्हणजे काय, तर मुख्यतः हे अधिक-उणे. वाद इथूनच सुरू होतो.

मॉन्स्टर खेळायची हौस नव्या पिढीचं खूळ आहे, असं जुने खेळाडू म्हणतात तेव्हा हसू येतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली छापला गेला. त्या पहिल्यावहिल्या पुस्तिकेतच लिहिलंय की खेळाडूला जवळपास काहीही व्हायची मुभा द्यायला हरकत नाही, फक्त सुरुवात दुबळेपणापासून झाली पाहिजे. कुणाला ड्रॅगन व्हायचं असेल तर त्याने पिल्लू ड्रॅगन म्हणून सुरू करावं. इतकं साधं. त्याच्याही आधी आर्नेसनच्या ब्लॅकमूर या जगात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर होऊन बसलं होतं, सर फँग त्याचं नाव. त्याला कुणी आवरेना, म्हणून त्याच्यावर उतारा म्हणून क्लेरिक हा धर्मोपदेशकाचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निघाला, असं त्या काळचे खेळाडू सांगतात. म्हणजे आज ज्याला आपण खेळाचा कणा समजतो त्यातला एक मणका एका खेळाडूच्या राक्षसामुळे आलेला आहे.

पाच वर्षांत वारं फिरलं. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सने या विषयावर वेगळा मजकूर लिहिला आणि त्याचा सूर असा की नकोच ते. मॉन्स्टर मागणाऱ्याला बहुतेक वेळा फुकटची ताकद हवी असते, इतरांवर कुरघोडी करायची असते, आणि हे जग मुळात माणसांभोवती रचलेलं आहे. यातला पहिला मुद्दा खोटा नाही. ज्याने कधी डीएमची खुर्ची सांभाळली आहे त्याला तो गडी माहीत असतो, जो पहिल्याच दिवशी येऊन विचारतो, ‘उडता येणारं काही आहे का?’ पण रोग एका प्रकारच्या खेळाडूचा आणि पथ्य सगळ्यांना, असं झालं.

त्यानंतर ती बंदी मोडायचे प्रयत्न होत राहिले. १९९३ मध्ये ‘कम्प्लीट बुक ऑफ ह्युमनॉइड्स’ आलं आणि गॉब्लिन, ऑर्क, मिनोटॉर वगैरे मंडळी खेळाडूंच्या हाती आली. मग २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हा प्रश्न हिशेबाने सोडवायचा घाट घातला. हा हिशेब जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण मॉन्स्टरची किंमत आकड्यांत वसूल करायला गेलं की काय होतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

माइंड फ्लेअर घ्या. ऑक्टोपससारखं तोंड, जांभळट कातडी, समोरच्याचा मेंदू खाणारा, मनाच्या एका तडाख्याने सगळ्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, सुन्न करणारा. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ सालच्या सुधारित नियमांप्रमाणे त्याचे स्वतःचे हिट डाइस, म्हणजे मार सोसायची ताकद ठरवणारे फासे, आठ. त्याच्या करामतींची किंमत म्हणून वर लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट सात. बेरीज पंधरा. म्हणजे तुमचा माइंड फ्लेअर खेळायला आला की तो पंधराव्या लेव्हलचा, म्हणजे पंधराव्या पायरीचा, धरायचा आणि त्याचे साथीदारही पंधराव्या लेव्हलचे. पण हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, मिळणार ते आठ हिट डाइसचे, सरासरी चव्वेचाळीस. पंधराव्या लेव्हलला समोर जे शत्रू उभे राहतात त्यांच्या एका मंत्रात चव्वेचाळीस सहज जातात. ज्याला बघून गावं ओस पडायची तो पार्टीच्या मागे लपत फिरायचा. ट्रोलचीही तीच गत, हिट डाइस सहा आणि धरायचा अकराव्या लेव्हलचा. कागदावर जमाखर्च जुळला, टेबलावर माणूस रडकुंडीला आला. २००३ च्याच ‘सॅव्हेज स्पीशीज’ या पुस्तकाने मॉन्स्टरलाच लेव्हललेव्हलने वाढवायची सोय केली. दुबळा माइंड फ्लेअर हळूहळू पुरा माइंड फ्लेअर होणार. फिरून १९७४ च्या पिल्लू ड्रॅगनपाशीच आले.

आकड्यांचा घोळ हा निदान चव्हाट्यावरचा घोळ होता. दुसरा दोष खोल होता आणि त्याकडे बघायला फार वर्षं लागली.

२०१६ साली ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ आलं. त्यात गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर, कोबोल्ड, ऑर्क आणि युआन-टी खेळायला दिले होते. पाचव्या आवृत्तीत तोवर कुठल्याही रेसला उणे आकडा नव्हता, फक्त अधिक होते. या पुस्तकाने दोन उणे आणले. कोबोल्डला ताकदीत उणे दोन. कोबोल्ड तीन फुटी, ठीक आहे. आणि ऑर्कला बुद्धीत उणे दोन. आकड्याशेजारचा मजकूर त्याहून बोलका आहे. ऑर्कला त्याच्या संस्कृतीबाहेर वाढवलं तर त्याच्यात माया, प्रेम, सहानुभूती मर्यादित प्रमाणात येऊ शकेल, पण कितीही माणसाळलेला वाटला तरी रक्ताची तहान कातडीखाली असतेच, अशा अर्थाचं तिथे लिहिलं होतं.

ही भाषा मराठी वाचकाला नवी वाटायला नको. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, हे सरकारी कागदावर आलं. हजेऱ्या आल्या, परवाने आले, पुढे मुलांना आईबापांपासून वेगळं काढून ‘सुधारायची’ तरतूदही आली. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. संस्कृतीबाहेर वाढवला तर थोडाफार सुधारेल, पण रक्त आहेच, हे वाक्य ऑर्कच्या पानावर वाचताना माझ्या डोळ्यांसमोर टोल्किनच्या कादंबरीतलं ऑर्कांचं मॉर्डॉर आलं नाही.

‘अहो, खेळ आहे, ऑर्क कुठे खरा असतो?’ हा युक्तिवाद मी भरपूर ऐकलाय. ऑर्क खरा नसतो, पण त्याच्याविषयी बोलताना वापरलेले शब्द खरे असतात, कुठल्या तरी जिवंत माणसांवर आधी वापरून झालेले असतात. याचा पुरावा खुद्द गायगॅक्सनेच दिला. सज्जन पॅलाडिनने, म्हणजे धर्मवीर योद्ध्याने, ऑर्कांच्या पोरांचं काय करावं, हा या खेळातला जुना पेच. २००५ मधल्या एका चर्चेत गायगॅक्सने त्यावर उत्तर देताना लिखांच्याच पुढे उवा होतात, या अर्थाची म्हण वापरली आणि ती कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर दिली. हा चिव्हिंग्टन म्हणजे १८६४ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोतल्या सँड क्रीकला शायान आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर सैन्य घालून बायकापोरांसह कत्तल करणारा. खेळ काल्पनिक असेल, म्हण काल्पनिक नव्हती.

त्यामुळे २०२० च्या जूनमध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या प्रकाशक कंपनीने ऑर्क आणि ड्राऊ (काळे एल्फ) यांना इतर लोकांइतकंच गुंतागुंतीचं दाखवू असं जाहीर केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन्ही उणे आकडे काढून टाकले आणि अधिक आकडे हवे तिथे फिरवायची मुभा दिली, तेव्हा मला ते योग्यच वाटलं. पुढे २०२२ च्या डिसेंबरात रेस हा शब्दही सोडत असल्याचं त्यांनी सांगितलं. २०२४ मध्ये आकड्यांची वाढ स्पीशीजकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली. शेतकरी होतास की शिपाई होतास, त्यावरून आकडे. तर्काला धरून आहे.

पण आता तो ऑर्क पाहा. त्याला अंधारात दूरवर दिसतं. तो झपाट्याने पळू शकतो आणि पळताना थोडा चिवटपणा मिळतो. मार खाऊन पडायची वेळ आली की एकदा उठून उभा राहतो. बस. तो काय खातो? त्याच्या दातांनी भाकरी चावता येते का? त्याची पोरं किती वर्षांत मोठी होतात? दिवसाच्या उजेडाशी त्याचं जमतं का? म्हातारा ऑर्क कसा दिसतो? काही नाही. अपमान काढला, ते ठीक. त्या जागी काही ठेवायला हवं होतं की नको? शिवाय नुसते आकडे काढून गोष्ट सुधारत नाही हे कंपनीने लगेच दाखवूनही दिलं. २०२२ च्या ऑगस्टमधल्या ‘स्पेलजॅमर’ संचात हॅडोझी नावाचे वानरांसारखे जीव आले. कुणा जादूगाराने त्यांना पकडलं, प्रयोग करून शहाणं केलं, गुलाम म्हणून विकायला काढलं, मग त्याच्या शिष्यांनी सोडवलं, अशी त्यांची कुळकथा. आकड्यांत उणं काही नव्हतं. कथा मात्र गुलामगिरीच्या इतिहासातली आणि त्यावरच्या जुन्या वंशद्वेषी चित्रांतली. महिन्याभरात माफी मागून तो मजकूर मागे घ्यावा लागला.

माझं म्हणणं असं. मॉन्स्टरचं वेगळेपण दोन ठिकाणी ठेवावं. एक, त्याच्या शरीरात. दोन, जग त्याच्याशी कसं वागतं त्यात. बुद्धी, नीती, स्वभाव ही खेळाडूची मालमत्ता आहे, तिला डिझायनरने हात लावू नये. आणि शरीराची किंमत शीटवर कापून घेऊ नये, ती खेळता खेळता वसूल व्हावी.

सेंटॉर, वर माणूस आणि खाली घोडा, हे सोपं उदाहरण. २०१८ च्या रॅव्हनिका पुस्तकात तो खेळायला मिळाला. चढताना त्याला दर फुटाला चार फूट जास्त चाल मोजावी लागते. चाळीस फूट चालीचा सेंटॉर एका फेरीत आठ फूट चढतो. हा नियम मला फार आवडतो, कारण तो कुणाचा अपमान करत नाही आणि टेबलाला कामाला लावतो. आमच्याकडे एकदा पार्टीला कोरड्या विहिरीत उतरायचं होतं. दोर टाकून तिघं सरसर खाली गेले आणि सेंटॉर काठावर खूर आपटत उभा. पुढचा अर्धा तास कप्पी कुठे बांधायची, पोटाखालून पट्टा कसा घ्यायचा, खालून आवाज येतोय तो कशाचा, आणि ‘मला घोडा म्हणून बांधताय का’ यावर गेला. त्या दिवशी ड्रॅगन नव्हता, खजिना नव्हता, आणि कुणाचं तोंड उतरलेलं नव्हतं. पण याच नियमकर्त्यांनी सेंटॉरचा आकार माणसाएवढाच, मध्यम धरला, म्हणजे दारं, गल्ल्या, जिने यांचा त्रास नको. घोड्याचं धड आहे आणि दारातून सुखाने जातो. इथे हात आखडला.

उलट टोकाला एअराकोक्रा. हा पक्ष्यासारखा जीव, २०१५ मध्ये आला, पहिल्या लेव्हललाच पन्नास फूट उडायचा. दरी, भिंत, खंदक, सगळ्यांवर एकच उत्तर. अनेक डीएम त्याला दारातच अडवतात आणि मला त्यांची बाजू समजते. पण तिथेही पंख कापण्यापेक्षा शरीराकडे बघावं असं मला वाटतं. पोकळ हाडांच्या जीवाला चिलखत किती झेपेल? बोगद्यात, सहा फूट रुंदीच्या भुयारात, पंख मिटून चालताना त्याचा जीव गुदमरेल की नाही? डंजन, म्हणजे तळघरं-भुयारं, हा शब्द खेळाच्या नावातच आहे, आणि डंजनला छप्पर असतं.

हे काम कुणी आधी केलंच नाही असं नाही. केऑसियमच्या ‘रुनक्वेस्ट’ या खेळासाठी ग्रेग स्टॅफर्ड आणि सँडी पीटरसन यांनी १९८२ मध्ये ‘ट्रोलपॅक’ काढलं, चाळीस वर्षं होऊन गेली, आणि मॉन्स्टर खेळायला कसा द्यावा याचा नमुना म्हणून मी अजून तेच दाखवतो. ग्लोरांथा या त्यांच्या जगातले ट्रोल स्वतःला उझ म्हणवतात. ते जवळजवळ काहीही खाऊ शकतात, लाकूड, दगड सगळं, आणि तरी भूक भागत नाही. डोळ्यांपेक्षा अंधारातल्या आवाजावर त्यांची भिस्त. गुरांऐवजी ते किडे पाळतात. समाज बायकांच्या हातात. त्यांचं मूळ घर पाताळात, अंधारात. सूर्यदेव मारला गेला आणि मेल्यावर पाताळात उतरला, तेव्हा त्यांचं घर जळालं आणि ते निर्वासित होऊन वर आले. म्हणजे आपण ज्याची पूजा करतो तो सूर्य त्यांच्या लेखी घर जाळणारा. त्यात पुढे एक शाप लागला, त्यामुळे बहुतेक आयांच्या पोटी दुबळी, खुजी ट्रोलकिन पोरं जन्मतात. आता सांगा, यात ‘वाईट’ हा शब्द कुठे आहे? आणि तरी असा ट्रोल माणसांच्या गावात आला तर गाव दारं लावून घेईल, आणि गावाचंही चुकणार नाही. तो भुकेला आहे, त्याला कोंबड्या दिसतात, खुराडं दिसतं, आणि खुराड्याचं लाकूडही दिसतं.

पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ने २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गॉब्लिनला पहिल्याच पुस्तकात जागा दिली तेव्हा त्याचे आणखी उपप्रकार दिले. एकाचं पोट असं की सडकं खाऊनही काही होत नाही. एकाचे दात हेच हत्यार. कुणी उंचावरून पडला तरी फारसा मोडत नाही. हे सगळं शरीर आहे. त्यांनी गॉब्लिनच्या शहाणपणात उणे आकडाही ठेवला होता, तो मला खटकतो. पण दातांचा गॉब्लिन आणि पोटाचा गॉब्लिन यांत निवड करताना खेळाडू आपण कोण आहोत याचा विचार करू लागतो, नुसता आपल्याला काय मिळतं याचा नाही.

आता आपल्या घरच्या राक्षसाकडे येतो, कारण त्याचाही या खेळाशी जुना संबंध आहे. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये राक्षस याच नावाने एक मॉन्स्टर आहे. भारतातून पसरलेला दुष्टात्मा, माणसाचं मांस आवडणारा, मायावी, आणि मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या एका बाणाने मरणारा. चित्रात वाघाचं तोंड, अंगात झगा, हातात पाइप. वाघाचं तोंड कुठून आलं ते असो. मला गंमत याची वाटते की ज्या महाभारतात राक्षस आहेत त्यातच पार्टीत सामील झालेला राक्षसही आहे, आणि त्याचं डिझाइन या मंडळींपेक्षा सरस आहे.

घटोत्कच हा भीम आणि हिडिंबेचा मुलगा. वनवासात थकलेल्या पांडवांना आणि द्रौपदीला तो आणि त्याचे राक्षस उचलून डोंगरावर नेतात. हाक मारली की येतो. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, म्हणून त्याची खरी वेळ येते ती युद्धाच्या चौदाव्या दिवशी, सूर्य मावळल्यावरही लढाई चालू राहते तेव्हा. त्या रात्री तो कौरवांना असा झोडपतो की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर टाकावी लागते. मरतानाही तो देह प्रचंड वाढवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. बळ आहे, त्याला रात्रीची अट आहे, देह आहे, त्याचा शेवटपर्यंत उपयोग आहे. आकड्यांत कुठेही उणं नाही.

आणि मग ते दृश्य. पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. शक्ती खर्च झाली, अर्जुन वाचला, हे त्याचं कारण आहेच. पण द्रोणपर्वात तो पुढे असंही म्हणतो की कर्णाने याला मारलं नसतं तर मलाच मारावं लागलं असतं, कारण हा यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता. आयुष्यभर पार्टीसाठी राबलेल्याबद्दल पार्टीतल्या सर्वांत शहाण्या माणसाच्या मनात काय होतं ते तो मेल्यावर कळतं. जग मॉन्स्टरशी कसं वागतं, असं मी वर म्हटलं ते हेच. घटोत्कचात जन्मजात खोट होती असं कथेतल्या त्याच्या वागण्यावरून दिसत नाही. खोट असल्याचं इतर सांगतात. डिझायनरने ते इतरांच्याच तोंडी ठेवावं, पुस्तकाच्या तोंडी घालू नये. खाणावळवाल्याने ऑर्कला ‘तुमच्यात अक्कल कमीच’ म्हणावं, जरूर म्हणावं. ते शीटवर छापलं की खाणावळवाला बरोबर ठरतो.

मराठीत हे खेळ खेळणारे आहेत, स्वतःची जगं लिहिणारेही आहेत, आणि त्यातल्या अनेकांच्या जगात अजून हाफलिंग आणि ड्वार्फच फिरतात. मुंजा, खवीस, हडळ असतात ती मारण्यापुरती. मी एक जीव सुचवतो, कोकणातल्या राखणदाराच्या कल्पनेवरून. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवाला टेबलावर आणायचं नाही, ते तिथल्या लोकांचं दैवत आहे. पण शिवेवर फिरणारा, माणूस नसलेला, गावाशी कराराने बांधलेला राखणदार ही कल्पना खेळासाठी सोन्यासारखी आहे.

आकड्यांत अधिक नाही, उणे नाही. देह दीडदोन पुरुष उंच. दिवसा जड, रात्री हलका. चालला की पायताण झिजतं आणि पायताणाशिवाय स्वतःच्या शिवेबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही, म्हणून पार्टीने मोहिमेवर निघताना जोड मोजून घ्यायचे. दुसऱ्या गावाच्या हद्दीत शिरायचं तर तिथल्या राखणदाराची परवानगी लागते. दिलेला शब्द तो मोडू शकत नाही, आणि त्याला दिलेला शब्द कुणी मोडला तर तो ते सोडू शकत नाही. एवढंच. यात शूर, भित्रा, लबाड, प्रेमळ, कसाही राखणदार बसतो. आणि बघा काय होतं: पार्टीला तलवारवाल्याआधी चांभार शोधावा लागतो. सगळ्या गावाच्या रक्षणकर्त्याचे जोड ज्याच्या हातचे, त्याचं स्वतःचं घर गावात कुठल्या बाजूला आहे, हा प्रश्न डीएमने न काढताच टेबलावर येऊन बसतो. राक्षस नीट लिहिला की माणसांचं गाव उघडं पडतं.

यावर एक रास्त तक्रार आहे. हे सगळं डीएमच्या डोक्यावर येतं. आधीच तो आठवडाभर नकाशे काढत असतो, त्यात पायताणांचा हिशेब, ट्रोलची भूक, सेंटॉरचे जिने. एकाच्या भुकेत बाकी तिघांची संध्याकाळ जाऊ शकते, हेही खरं. म्हणून हे काम प्रकाशकाने पुस्तकात करून द्यायला हवं, आणि तिथेच माझा २०२४ च्या पुस्तकावर खरा राग आहे. स्पीशीजला पान-दोन पानं दिलीत ना? मग त्यात तो काय खातो, कुठे झोपतो, त्याच्या अंगाला कुठलं दार लहान पडतं आणि परक्या गावात लोक त्याला बघून पहिल्यांदा काय करतात, हे येऊ द्या. जिथे पुस्तकात नाही तिथे मॉन्स्टर मागणाऱ्या खेळाडूनेच ते लिहून आणावं. ज्याला नुसतं उडायला हवं असतं तो या गृहपाठाला पाहूनच माणूस निवडतो, असा माझा अनुभव आहे. गायगॅक्सची भीतीही त्यात परस्पर मिटते.

आणि सगळेच मॉन्स्टर खेळायला द्यावेत असंही मी म्हणत नाही. माइंड फ्लेअर विचार करणाऱ्या जीवांचे मेंदू खाऊन जगतो, ती त्याची सवय नाही, आहार आहे. त्याला बकऱ्याच्या भेजा फ्रायवर आणून पार्टीत घ्यायचा म्हणजे तो माइंड फ्लेअर राहिला नाही, मग कशाला घ्यायचा? आणि खरा घ्यायचा तर दर काही दिवसांनी कुणीतरी मरणार, ते कोण हे पार्टीला ठरवावं लागणार, आणि सगळं कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी मोहीम, त्याच एका गोष्टीचं होणार. पाचही जण त्याला तयार असतील तर जरूर खेळा. एक जरी नाही म्हणाला, तर डीएमने त्या शीटवर सही करू नये, आणि त्याचं कारण देत बसू नये.